पोर्ट लुईचे पत्र : सोळा पायऱ्या

मॉरिशसमधल्या पोर्ट लुईच्या बंदरालगत दगडी पायऱ्या आहेत, मोजून सोळा. मुंबई, मद्रास, कलकत्त्याहून आलेला मजूर बोटीतून उतरला की या पायऱ्या चढे आणि उसाच्या मळ्यावर रवानगी होईपर्यंत वरच्या डेपोत थांबे. १८४९ साली उभारलेल्या या जागेला लोक कुली घाट म्हणत. आज तो आप्रवासी घाट आहे. २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मॉरिशसमधली गुलामगिरी संपत आली तेव्हा मळेवाल्यांना राबणारे हात हवे होते. म्हणून १८३४ पासून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर माणसे आणली. हा ओघ आटेपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे इथे उतरली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे आपले लोकही होते.

त्यांच्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. मजुराचा क्रमांक, नाव, वय, जात, गाव, जहाज. १८६०च्या दशकापासून छायाचित्रसुद्धा. या वह्या मजुरांवर नजर ठेवण्यासाठी लिहिल्या गेल्या. आज त्याच वह्यांत पणतू-खापरपणतू आपले घराणे शोधतात. शोध सोपा नाही. कारकुनाने कानावर पडले तसे नाव रोमन लिपीत उतरवले आणि पुढे पूर्वजाचे नुसते नावच कित्येक घरांचे आडनाव झाले. गावांच्या नावांचीही तीच गत. पण मराठी कानाने तीच अक्षरे मोठ्याने वाचली, की त्यांतून ओळखीचे गाव हळूहळू वर येते. ज्याला आजवर फक्त ‘आम्ही मराठी’ एवढेच ठाऊक होते, त्याला ते गाव मिळाले की त्याचा चेहराच बदलतो.

तरी मला वाटते, वहीत मूळ सापडते. ते रुजते मात्र चार माणसांत. इथल्या बहुतेक मराठी घरांत आज क्रिओल भाषा बोलतात. मुले शाळेत मराठी शिकतात, मोठी माणसे ती मंडळात जपतात. कोकणातले जाखडी नृत्य इथे ‘झाकरी’ झाले आहे. फेर धरायला माणसे लागतात, म्हणून त्या निमित्ताने गाव एकत्र येते. गणेश चतुर्थीची सुट्टी तर साऱ्या देशाला असते. क्रिओलमध्ये गप्पा मारत आलेली मुले आरतीला उभी राहिली की मराठीत गातात, आणि आजीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

दर २ नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची राष्ट्रीय सुट्टी असते. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी घरांतले लोक त्या सोळा पायऱ्यांवर फुले वाहतात.

कोकणातल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या घरात बोटीने गेलेल्या आणि परत न आलेल्या कुणा पूर्वजाची गोष्ट ऐकली असेल, तर नाव-गाव विचारून लिहून ठेवा. गोष्टीचा दुसरा अर्धा भाग मोका गावच्या वह्यांत असेल. उद्या इकडचे कुणी विचारत तुमच्या दारी आले, तर त्याला ओटीवर बसवा. ते घर त्याचेही आहे.