विश्लेषण : छोट्या कार्गो विमान कंपनीची ऑफर आली? सही करण्याआधी वैमानिकांनी काय तपासावे?

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि खर्च सहज अर्ध्या कोटीच्या घरात जातो. पिंपरी-चिंचवडमधील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबे त्यासाठी कर्ज काढून मुलांना बारामती, गोंदिया किंवा परदेशातील प्रशिक्षण संस्थांत पाठवतात. परवाना मिळतो, पण मोठ्या प्रवासी कंपन्यांच्या भरतीची वाट पाहावी लागते. अशा वेळी दोन-तीन विमानांच्या कार्गो कंपनीची ऑफर आली, तर ती संधी आहे की जोखीम?

सध्या कार्गोची चर्चा का?

चाकण, तळेगाव, भोसरी पट्ट्यातील वाहन उद्योगाला सुटे भाग वेळेत लागतात. त्यात ई-कॉमर्सची भर पडली आहे. लोहगाव विमानतळ हवाई दलाचा असल्याने तिथे मालवाहू विमानांच्या वाढीला मर्यादा आहेत, त्यामुळे या पट्ट्यातील बराचसा हवाई माल ट्रकने मुंबईला जातो. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाची पहिल्या टप्प्यातील मालवाहतूक क्षमता वर्षाला ५ लाख टन आहे.

केवळ माल वाहणाऱ्या कंपन्या मात्र देशात मोजक्याच आहेत. चेन्नईची ब्लू डार्ट एव्हिएशन त्यात सर्वांत जुनी. बंगळूरुची क्विकजेट, दिल्लीची प्रधान एअर एक्स्प्रेस आणि चेन्नईची अॅफकॉम ही त्यानंतरची नावे. म्हणजे चिंचवडचा मुलगा निवडला गेला, तरी घर बहुधा सोडावेच लागणार.

नागपूरचा अनुभव काय सांगतो?

एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांनी २००९ मध्ये ‘डेक्कन ३६०’ ही कार्गो कंपनी सुरू केली. देशाच्या मध्यावर म्हणून नागपूर हे केंद्र निवडले. रात्री सगळीकडून माल नागपुरात आणायचा, तिथे वर्गवारी करायची आणि सकाळच्या आत पुढे पाठवायचा, अशी कल्पना होती. ताफ्यात एअरबस ए-३१० आणि एटीआर मालवाहू विमाने होती. २०११ मध्ये सेवा थांबली. नाव मोठे, कल्पना चांगली, तरी कंपनी दोन वर्षांतच बंद पडली.

मालवाहतुकीत भरलेल्या फेरीइतकाच परतीच्या रिकाम्या फेरीलाही खर्च येतो. विमानाचे भाडे, इंधन आणि देखभाल थांबत नाही. म्हणून कंपनीचा माल कोणाचा आहे, हा पहिला प्रश्न. एकाच मोठ्या ग्राहकावर कंपनी चालत असेल, तर तो करार किती वर्षांचा आहे हे मुलाखतीतच विचारावे.

कंपनीची प्रकृती कशी ओळखावी?

सर्वांत आधी डीजीसीएकडून मिळणारे एअर ऑपरेटर सर्टिफिकेट, म्हणजे एओसी, पाहावे. मंत्रालयाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कंपनी उडू शकते असे नाही. एओसी नसताना रुजू झालेल्या वैमानिकाचे तास वाढत नाहीत, फक्त वय वाढते.

दुसरे, विमाने किती आणि कोणाच्या मालकीची? दोनच विमाने असतील आणि एक मोठ्या देखभालीला गेले, तर निम्म्या वैमानिकांना काम उरत नाही. भाड्याची विमाने परत घेण्याचा भाडेपट्टादारांचा हक्क २०२५ च्या नव्या कायद्याने आणखी भक्कम झाला आहे. भाडे थकले, तर विमान लवकर जाऊ शकते.

तिसरे, पगार. आधीपासून काम करणाऱ्या किमान दोन वैमानिकांना पगाराची तारीख विचारावी. भविष्य निर्वाह निधी पासबुकात दिसतो का, कापलेला टीडीएस फॉर्म २६एएस मध्ये दिसतो का, हेही त्यांना विचारता येते. किंगफिशर आणि जेट एअरवेज बंद पडल्यावर थकीत पगारासाठी कर्मचाऱ्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. जेटची सेवा एप्रिल २०१९ मध्ये थांबली आणि कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

टाइप रेटिंग कोणत्या विमानाचे?

पुढच्या नोकरीच्या दृष्टीने हा कळीचा मुद्दा आहे. ए-३२० किंवा बोइंग ७३७ वरचा अनुभव प्रवासी कंपन्यांतही चालतो. एटीआरचा अनुभव इंडिगो, अलायन्स एअर किंवा गोव्याच्या फ्लाय९१ मध्ये उपयोगी पडू शकतो. पण ज्या प्रकारची विमाने देशात एकाच कंपनीकडे आहेत, त्याचे रेटिंग घेऊन बाहेर पडल्यास बहुतेकदा पुन्हा नवे रेटिंग घ्यावे लागते.

महिन्याला प्रत्यक्षात किती तास मिळतात, हेही विचारावे. कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल परवान्याला १,५०० तास हवेत. महिन्याला ६० आणि २५ तास यांतला फरक म्हणजे कारकिर्दीतली काही वर्षे.

बॉण्ड आणि नोटीसचे काय?

डीजीसीएच्या नियमांनुसार राजीनाम्यानंतर सहवैमानिकाला सहा महिने, तर कॅप्टनला एक वर्षाची नोटीस द्यावी लागते. कंपनीने ना हरकत दिली तरच हा काळ कमी होऊ शकतो. २०२३ मध्ये नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरोधात आकासा एअर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती.

बॉण्ड वेगळा असतो. त्याची मुदत रुजू झाल्यापासून मोजणार की प्रशिक्षण संपल्यापासून? रक्कम दरवर्षी कमी होते का? कंपनीनेच उड्डाणे थांबवली किंवा पगार थकवला, तर बॉण्ड रद्द होतो का? ही उत्तरे करारात लेखी हवीत. कोरे धनादेश मागितले, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय देऊ नयेत.

रात्रपाळी आणि सुरक्षेचे प्रश्न?

कार्गोचे काम मुख्यतः रात्रीचे. शरीर सर्वाधिक सुस्त असते ती वेळ रात्री २ ते पहाटे ६. डीजीसीएच्या सुधारित नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली आणि रात्रीच्या ड्युटीतील लँडिंग सहावरून दोनवर आली. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे कोलमडल्यावर तिला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सवलत दिली गेली. कंपनीचे मंजूर वेळापत्रक नेमके काय आहे आणि त्यात काही सवलत घेतली आहे का, हे स्पष्ट विचारावे. मुक्कामाच्या ठिकाणी दिवसा झोपता येईल अशी खोली मिळणे ही चैन नव्हे.

माल काय असतो, हेही महत्त्वाचे. सुट्या पाठवलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात मालाच्या रूपाने नेता येत नाहीत. त्या मालवाहू विमानातून, साधारण ३० टक्क्यांपर्यंतच चार्ज ठेवून, न्याव्या लागतात. २०१० मध्ये दुबईत यूपीएसच्या विमानात अशा बॅटऱ्यांच्या मालाजवळ लागलेल्या आगीनंतर दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. २०१३ मध्ये अफगाणिस्तानातील बगराम येथे माल सरकल्याने बोइंग ७४७ कोसळून सात जण दगावले. माल बांधतो कोण, तपासतो कोण आणि शंका आल्यास वैमानिकाला ‘नाही’ म्हणता येते का, याचे उत्तर कंपनीची संस्कृती सांगते.

मग जावे की नाही?

एओसी चालू आहे, पगार वेळेवर होतो, विमान इतरत्रही चालणारे आहे आणि बॉण्ड वाजवी आहे, तर पहिल्या काही हजार तासांसाठी छोटी कार्गो कंपनी चांगली शाळा ठरू शकते. रात्र, पावसाळा, धावपळ यांत माणूस लवकर तयार होतो. यांपैकी दोन उत्तरे टाळाटाळीची आली, तर थांबलेले बरे. रुजू होतानाही सहा महिन्यांचे कर्जाचे हप्ते बाजूला ठेवावेत आणि वैद्यकीय कारणाने परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा कंपनी देते का, हे ऑफर लेटरमध्ये पाहूनच सही करावी.