हजार फायलींची नावं एका झटक्यात बदला, पण आधी रंगीत तालीम करा

जुने दिवाळी अंक, मराठी मंडळाच्या स्मरणिका, घरात जपलेले जमिनीचे उतारे यांचं स्कॅनिंग आता बरेच जण करतात. स्कॅनर मात्र प्रत्येक पानाला 'स्कॅन १', 'स्कॅन २' असली नावं देतो. सहा महिन्यांनी कोणतं पान कुठल्या अंकातलं, हे सांगायला कुणीच नसतं. आणि हजार फायलींची नावं हाताने बदलायची तर त्यातच कित्येक दिवस जातात.

इथे शेल स्क्रिप्ट उपयोगी पडते. लिनक्स आणि मॅकवर शेल आधीपासूनच असतं. विंडोजवर डब्ल्यूएसएल बसवून ते मिळतं. 'या फोल्डरमधली प्रत्येक जेपीजी फाइल घे आणि तिला असं नाव दे' एवढंच सांगायचं असतं. प्रत्येक फाइल घेण्याचं काम 'फॉर' लूप करतो, नाव बदलण्याचं काम 'एमव्ही' ही आज्ञा करते. सगळं मिळून चार-पाच ओळी.

नाव ठरवताना वर्ष आधी, मग महिना, मग पान असा क्रम ठेवावा: '१९६२-११-००७'. म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. पानाच्या आकड्याआधीची शून्यं 'प्रिंटएफ' जोडून देतो. प्रत्यक्ष फायलीत आकडे इंग्रजीच ठेवावेत, कारण शेलची मोजणी त्यांच्यावरच चालते.

पहिला फटका इथेच बसतो. लूप फायली घेतो तो अक्षरांच्या क्रमाने: १ नंतर १०, मग १००, आणि २ त्यानंतर कधीतरी. अशा वेळी नवे क्रमांक ओळीने देत गेलात, तर दहावं पान दुसरं होऊन बसतं. म्हणून जुन्या नावातला आकडाच उचलावा आणि त्याला शून्यं जोडावीत.

दुसरा धोका याहून मोठा. दोन फायलींना एकच नवं नाव मिळालं, तर एमव्ही साधारणपणे काही न विचारता पहिलीच्या जागी दुसरी ठेवते. पहिली कचरापेटीतही सापडत नाही. स्क्रिप्टमध्ये क्रमांक घालायचा राहिला, तर हजार पानांतून शेवटी एकच उरतं! एमव्हीला 'उणे एन' हा पर्याय जोडला की त्या नावाची फाइल आधीच असल्यास ती तिला हात लावत नाही. नावांत मोकळी जागा असेल तर स्क्रिप्टमध्ये फायलीचं नाव दुहेरी अवतरणात घालावं, नाहीतर शेल एका नावाचे दोन तुकडे करतं.

नावं मराठीत ठेवायलाही हरकत नाही. फक्त लिनक्सवर एका नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं.

म्हणून आधी मूळ फोल्डरची प्रत काढावी. मग एमव्हीच्या आधी 'इको' लिहून स्क्रिप्ट चालवावी. नावं बदलत नाहीत, काय बदलणार ते फक्त पडद्यावर दिसतं. पहिलं, दहावं आणि शेवटचं पान तपासावं. सगळं बरोबर असेल तरच इको काढावा, आणि काम झाल्यावर फायली मोजाव्यात. आधी होत्या तेवढ्याच भरल्या पाहिजेत.

इकोने दाखवलेली यादी साठवून ठेवावी. कुठल्या जुन्या नावाचं कुठलं नवं झालं, याची ती नोंद असते. पुढे चूक लक्षात आलीच, तर तिच्यावरून मागे फिरता येतं.