सोडणाऱ्यांचे मंडळ

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’त तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. नाटक वर्गात शिकविताना मनात येई, पिणाऱ्यांना मंडळ मिळते, मग सोडणाऱ्यांना का मिळू नये?

तसे मंडळ आहे, हे मला गेल्या वर्षी धाकट्या मामेभावामुळे कळले. त्याची नोकरी जायची वेळ आली. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. आमच्या डॉक्टरांनी आधी त्याला तपासले, कारण रोजची दारू एकदम तोडली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते. मग त्यांनी ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा पत्ता दिला. अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही मद्यपी, परस्परांच्या आधाराने सावरले. त्यातून ही संघटना निघाली.

सभा शाळेच्या खोलीत होती. ‘खुली’ असल्याने मलाही बसता आले. वर्गणी नाही, आडनाव नाही. पेन्शनर, रिक्षावाला, एक बाई, जो तो उठून आपली हकीकत सांगे. उपदेश कुणीच केला नाही. जन्मभराची शपथही नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही.

बाहेर पडताना भाऊ म्हणाला, “दादा, इथं मला कुणी हसलं नाही.”

त्याला आता आठ महिने झाले. तो मात्र आजचाच दिवस मोजतो.

वाचकहो, नाटकातल्या सिंधूने निमूट सोसले. आजच्या सिंधूंसाठी ‘अल-अनॉन’ हे घरच्या माणसांचे वेगळे गट आहेत. पत्ता विचारायला लाजू नका. घरातली दारू शेजाऱ्यांना ठाऊक असतेच!