लेहहून बहुतेक विमानं सकाळीच का उडतात?

सुट्टीवर घरी निघालेल्या यवतमाळच्या जवानाचं लेहहून सकाळचं विमान हुकलं, तर अनेकदा दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. कारण तिथली हवा.

लेहचा हवाई तळ सुमारे १०,७०० फूट उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळपास ३० टक्के विरळ. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे विमानाला जास्त वेगानं धावावं लागतं आणि धावपट्टीही लांब लागते.

यवतमाळकरांना हे उन्हावरून कळेल. मे महिन्यातल्या ४५ अंशांत हवा १५ अंशांच्या मानानं सुमारे ९ टक्के विरळ होते. लेहमध्येही दुपारी ऊन चढलं की आधीच विरळ असलेली हवा आणखी विरळ होते, वर डोंगरातले वारे सुटतात. मग उपाय दोनच: सकाळी उडा, नाहीतर वजन कमी करा.

लडाखमधलंच दौलत बेग ओल्डी तर १६,६१४ फुटांवर. तिथे २० ऑगस्ट २०१३ रोजी हवाई दलाचं सुपर हर्क्युलिस उतरलं.

वजन कमी करणं म्हणजे काय? काही माणसं किंवा काही रसद मागे ठेवणं. आणि हिवाळ्यात रस्ते बर्फानं बंद झाले, की मागे राहिलेली प्रत्येक गोणी मोजावी लागते.