तीन देश, एक तार आणि रखडलेले रूळ

८ फेब्रुवारी २०२५ रोजी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांनी रशियाच्या वीजजाळ्याशी असलेला संबंध तोडला. काही तास तिघे स्वतःच्या बळावर चालले आणि दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे युरोपच्या जाळ्यात सामील झाले. २००४पासून युरोपीय संघात आणि नाटोत असलेल्या या देशांच्या विजेची फ्रिक्वेन्सी तोवर मॉस्कोतून सांभाळली जात होती!

या तीन बाल्टिक देशांच्या प्रगतीची गोष्ट सहसा एकट्या एस्टोनियाची म्हणून सांगतात. १९९२मध्ये जर्मन मार्कशी बांधलेले क्रून हे चलन, १९९४मध्ये सरसकट २६ टक्के आयकर, २००१मध्ये सरकारी खात्यांची माहिती जोडणारी ‘एक्स-रोड’, टॅलिनमध्ये घडलेले स्काइप. कौतुक रास्तच आहे. पण कारखानदार विचारतो वीज काय दराने आणि माल किती दिवसांत पोचेल. साठेक लाख वस्तीच्या तीन देशांत याचे उत्तर एकट्याला देता येत नाही.

२००९मध्ये तिन्ही अर्थव्यवस्था सुमारे १४ टक्क्यांनी आकसल्या. लॅटव्हियाने चलनाचे अवमूल्यन टाळून पगार कापले. निर्यात सावरली, तरुण मात्र ब्रिटन-आयर्लंडला निघून गेले. ‘बाल्टिक चमत्कारा’चे भाट ही किंमत क्वचितच सांगतात.

एकत्र काम करण्याची खरी कमाई गॅसमध्ये दिसते. २०१४मध्ये लिथुआनियाने क्लायपेडा बंदरात द्रवरूप गॅस उतरवून घेणारे ‘इंडिपेंडन्स’ हे जहाज उभे केले. ते येण्याआधीच गाझप्रॉम या रशियन गॅस कंपनीने दर उतरवला! दुसरा विक्रेता दारात येतोय, एवढ्यानेच मक्तेदार नरमला. पुढे काम वाटले गेले: गॅस उतरतो क्लायपेडात, साठतो लॅटव्हियातल्या इंचुकाल्न्सच्या भूमिगत साठ्यात आणि लागेल तसा एस्टोनियापर्यंत जातो. २०२२च्या एप्रिलमध्ये लिथुआनियाने रशियन गॅस घेणे थांबवले, ते याच जोरावर.

रुळांवर मात्र हा शहाणपणा टिकला नाही. इथली जुनी रेल्वे रशियन मापाची, १,५२० मिलिमीटर रुंदीची. पोलंडपासून पुढे युरोपचे माप १,४३५. अरुंद रुळांच्या बार्शी लाइट रेल्वेच्या काळात कुर्डुवाडीला गाडी बदलणाऱ्यांना या अडचणीचा अर्थ वेगळा सांगायला नको. टॅलिनहून रिगा-कौनासमार्गे पोलंडच्या सीमेपर्यंत सुमारे ८७० किलोमीटरची ‘रेल बाल्टिका’ त्यासाठीच आहे. २०१७मध्ये खर्चाचा अंदाज सुमारे ५८० कोटी युरो होता. २०२४मध्ये तो जवळपास २,४०० कोटींवर गेला. मार्ग लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसला कसा जोडायचा, लॅटव्हियाच्या राजधानीत, रिगात, गाडी कुठून न्यायची, कोणी किती भरायचे, यावर वर्षे गेली. रिगात दौगावा नदीतले नव्या पुलाचे खांब पुलाविना उभे राहिले.

वीज आणि गॅसमध्ये रशियाच्या धास्तीने तिघांना एकत्र बांधले. रेल्वेत प्रश्न आपापल्या स्थानकाचा आणि आपापल्या तिजोरीचा आहे, आणि तिथे एकी लगेच ढिली पडते. खर्च आवरण्यासाठी पहिल्या टप्प्याचा आवाका कमी करण्यात आला असून गाड्या सुरू करण्याचे वर्ष ठरले आहे २०३०.