लांबची शिकार आणि काडतुसाची बढाई

बंगळूरच्या वाचकाला शिकारकथा म्हटलं की आधी आठवतो तो याच शहरातला केनेथ अँडरसन. त्याची विंचेस्टर रायफल .४०५ बोअरची, गोळी ३०० ग्रेन वजनाची. असल्या वर्णनांतून एक समजूत पक्की होते: जनावर मोठं तर काडतूस मोठं, आणि जनावर लांब असेल तर त्याहूनही मोठं. अँडरसनचे बरेचसे बार मचाणावरून, टॉर्चच्या उजेडात, हाकेच्या अंतरावर उडालेले असत, हे मात्र वाचता वाचता निसटतं. तेवढ्या अंतरात बोथट, जड गोळी उत्तम चालते. लांब पल्ल्यावर तिचा वेग झपाट्याने ओसरतो. उलट जिम कॉर्बेटने .२७५ रिग्बीच्या लहानशा गोळीने नरभक्षक वाघ पाडले.

अमेरिकेतल्या एल्कच्या शिकारीबद्दल हीच समजूत आणखी जोरात बोलली जाते. एल्क हे आपल्या सांबरासारखं थोराड हरीण. नराचं वजन ३०० किलोंच्या पुढे सहज जातं. एवढ्या धुडासाठी जादा दारूचं मॅग्नम काडतूस हवंच, असं मानणाऱ्यांनी कोलोरॅडोचा नियम पाहावा. तिथे एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा पुरते. १९०६ सालच्या थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची १८० ग्रेनची गोळी ५०० यार्डांवरही साधारण १,५०० फूट-पौंड बाळगून असते. म्हणजे ताकद कमी पडत नाही. कमी पडतो तो नेम. २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या रायफलीतून ही गोळी ५०० यार्डांवर सुमारे १२० सेंटिमीटर खाली येते. .३०० विंचेस्टर मॅग्नमची तेवढ्याच वजनाची गोळी येते सुमारे १०० सेंटिमीटर. फरक वीतभर, आणि त्यासाठी खांद्याला बसणारा धक्का बराच मोठा. धक्क्याच्या भीतीने घोडा दाबताना अंग आखडतं, आणि गोळी वीतभराहून जास्त चुकते.

यावर आक्षेप येतो की लेझरने अंतर मोजलं, मोबाइलमध्ये आकडे टाकले की घसरणीचा हिशेब चोख लागतो. खरं आहे; घसरण हा गणिताचाच भाग. वारा तसा नाही. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ५०० यार्डांवर या दोन्ही गोळ्यांना सुमारे अर्धा मीटर ढकलतो, आणि मधल्या दरीत तो कसा फिरतोय हे बंदूकधाऱ्याजवळचं यंत्र सांगत नाही. एल्कच्या काळीज-फुप्फुसाचा पट्टा फूट-दीड फुटाचा. शिवाय गोळीला तिथवर पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात जनावराने एक पाऊल टाकलं तर काळजावर धरलेली गोळी पोटात जाते. पोटात लागलेलं जनावर मैलोन् मैल जातं, तासन् तास तडफडतं. मॅग्नमचं समर्थन करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र रास्त आहे. कसलेल्या हाताला वेगवान गोळी थोडी सवलत देते. पण तेवढ्याच अंतरावरून कागदावरच्या निशाणावर पाचांतल्या पाच गोळ्या फूटभरात बसवणारा हातच इथे कसलेला म्हणायचा, आणि वाऱ्यात तसे हात थोडे.

आपल्याकडे हा प्रश्न शिकारीचा उरलेलाच नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१च्या दुरुस्तीने हौशी शिकार संपली. पिकं उद्ध्वस्त करणारं रानडुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. परवानाधारकाच्या घरी असते ती बहुधा .३१५ची रायफल, काडतूस पुण्याजवळच्या खडकी कारखान्याचं. हा बोअर भारतातल्या जनावरांचा अभ्यास करून निवडला, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कारण साधं सरकारी होतं: .३०३ हे फौजेचं काडतूस, ते नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी बंद केलं, आणि खाजगी रायफलींसाठी .३१५ चालू झालं.