बर्फांतील ऊब : हिवाळ्यांत खताचा ढीग गरम कसा राहतो ?

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, व्हर्माँट नांवाचें एक लहानसें राज्य आहे. डोंगर, मेपलचीं रानें आणि दुभत्या गाईंचे गोठे ही या राज्याची संपत्ति. येथील हिवाळा मोठा कडक. जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं १५ ते २० अंश सेंटिग्रेड उतरला तरी तेथें कोणास नवल वाटत नाहीं. जमीन दगडासारखी गोठते. अशा दिवसांत कित्येक घरांच्या परसांत एक चमत्कारिक देखावा दिसतो. भोंवतालीं गुडघाभर बर्फ असतें आणि मध्यें एका ढिगाच्या माथ्यावरून मात्र मंद वाफ निघत असते. माथ्यावरचें बर्फ वितळून तेथें एक काळपट भोंक पडलेलें असतें. त्या भोकांतून आंत हात घालूं म्हटलें तर चटका बसावा इतकी तेथें उष्णता ! या ढिगाखालीं कोणी विस्तव पेटविलेला नसतो. भाजीच्या साली, झाडांचा पाला आणि गाईचें शेण यांचाच तो ढीग असतो.

हा ढीग गरम राहिला काय किंवा निवाला काय, त्याचें एवढें महत्त्व कशाला, असें कोणी विचारील. पण व्हर्माँटमधील गृहिणीला आणि शेतकऱ्याला हा प्रश्न टाळतां येत नाहीं. २०१२ सालीं या राज्यानें केलेल्या कायद्याप्रमाणें १ जुलै २०२० पासून स्वयंपाकघरांतील उष्टेंखरकटें नेहमींच्या कचऱ्यांत टाकण्यास मनाई झाली. शेतकऱ्यासाठीं दुसरा निर्बंध आहे. १५ डिसेंबरपासून १ एप्रिलपर्यंत शेतांत शेणखत पसरतां येत नाहीं. गोठलेल्या जमिनींत तें मुरत नाहीं, आणि वसंतांत बर्फ वितळलें कीं तें पाण्याबरोबर ओढ्यांत व सरोवरांत वाहून जातें. तेव्हां साडेतीन महिन्यांचा सांठा कोठें तरी ठेवणें आलें. तो नुसता पडून राहिला तर वसंताच्या तोंडावर पेरणीची घाई असतांना हातीं येतें तें अर्धें कच्चें, दुर्गंधि सुटलेलें खत. त्यांत तणाचें बीं जिवंत आणि रोगाचे जंतूहि जिवंत !

ढिगांतील उष्णता येते कोठून ? ती येते अगणित सूक्ष्म जंतूंच्या आहारविहारांतून. आपण जेवतों आणि आपलें अंग उबदार राहतें, तोच न्याय येथेंहि लागू आहे. प्रथम साध्या उबेंत वाढणारे जंतु कामास लागतात. त्यांच्या श्वासोच्छ्वासानें ढीग सुमारें ४० अंशांपर्यंत तापला कीं ते मागें पडतात, आणि अधिक उष्णता सोसणारे दुसरे जंतु त्यांची जागा घेतात. ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान यांचें काम जोरांत चालतें. पारा ७० अंशांकडे झुकूं लागला तर मात्र त्यांतील बहुतेक जंतु आपल्याच उष्णतेनें मरूं लागतात. कारखानदारी पद्धतीच्या खतासाठीं अमेरिकेंत जो दंडक आहे तोहि याच मर्यादेवर बसविलेला आहे. बंद पात्रांत अगर वारा खेळविलेल्या स्थिर ढिगांत ५५ अंश उष्णता निदान ३ दिवस टिकली पाहिजे. लांबट उघडे ढीग रचले असतील तर ती १५ दिवस टिकली पाहिजे, आणि तेवढ्या अवधींत ते निदान ५ वेळां उलथले गेले पाहिजेत.

या विद्येचा एक मोठा धडा होळकरांच्या इंदुरांत गिरविला गेला, हें मराठी वाचकांना सांगण्यासारखें आहे. १९२४ सालीं तेथें निघालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं शेतांतील काडीकचरा, शेण, गोमूत्रानें भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते तीनदां उलथून, सुमारें तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धति बसविली. १९३१ सालीं दोघांच्या नांवानें तिच्यावरचें पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि ‘इंदूर पद्धति’ हें नांव जगभर झालें. कोरड्या ऋतूंत ओल उडूं नये म्हणून हॉवर्ड उथळ खड्डे घेत आणि पावसाळ्यांत पाणी सांचूं नये म्हणून जमिनीवर ढीग रचीत. ऋतूप्रमाणें ढिगाचें रूप बदलावें, जंतूंच्या गरजा मात्र त्याच राहतात, हा तो धडा. इंदुरास ओल जपावी लागे. बर्फाळ मुलखांत ऊब जपावी लागते.

ऊब जपावयाची म्हणजे पहिली गोष्ट ढिगाचें आकारमान. उष्णता निर्माण होते ती ढिगाच्या सर्व पोटांत, आणि निसटते ती केवळ पृष्ठभागावरून. एक मीटर लांब, रुंद व उंच असा ढीग घेतला तर १ घनमीटर मालाला ६ चौरस मीटर पृष्ठभाग पडतो. तिन्ही मापें दुप्पट केलीं तर माल ८ घनमीटर होतो आणि पृष्ठभाग २४ चौरस मीटर, म्हणजे दर घनमीटरास केवळ ३. गळती निम्म्यावर आली ! म्हणून उन्हाळ्यांत एक मीटरचा ढीग पुरतो, पण कडक हिवाळ्यासाठीं तो दीड मीटरच्या आसपास तरी असावा. भोंवतीं पेंढ्याचे गठ्ठे रचले, वर हातभर कोरडीं पानें पसरलीं, म्हणजे त्याला जणूं दुलई मिळाली. माथ्यावर पडलेलें भुसभुशीत बर्फहि काढूं नये. पिंजलेल्या कापसाप्रमाणें त्यांत हवा कोंडलेली असते, आणि तें पांघरुणाचेंच काम करतें.

पांघरुणानें शेकोटी पेटत नाहीं, तिला सरपण लागतें. जंतूंचें सरपण म्हणजे कर्ब, आणि त्यांचें शरीर घडविणारा पदार्थ म्हणजे नत्र. वजनानें २५ ते ३० भाग कर्बास १ भाग नत्र हें प्रमाण उत्तम. वाळलेलीं पानें, पेंढा, लाकडाचा भुसा यांत कर्ब विपुल; शेण, हिरवा पाला, भाजीपाल्याचे अवशेष, कॉफीचा चोथा यांत नत्र अधिक. हिवाळ्यांत स्वयंपाकघरांतून नत्र रोज येतच असतो, पण कोरडीं पानें बर्फाखालीं गडप झालेलीं असतात. यासाठीं जाणती मंडळी आक्टोबरांतच मेपलचीं पानें पोत्यांत भरून आडोशाला ठेवतात. खरा हिवाळी ढीग शरद ऋतूंतच रचला जातो. थंडीपूर्वीं तो एकदां नीट तापला कीं पुढें त्याला जपणें सोपें. गोठलेल्या सामानानें नवा ढीग पेटविणें फार अवघड.

तिसरी गोष्ट पाण्याची. ढिगांत शेंकडा ५० ते ६० ओल असावी. मूठभर माल पिळला असतां एकदोन थेंब यावेत, धार लागूं नये. येथें एक चूक हटकून होते. ढीग उलथतांना बाजूचें बर्फ आंत मिसळतें, आणि उगाच पाणी घालावयास नको म्हणून कोणी तें मिसळूं देतातहि. पण एक किलो बर्फाचें शून्य अंशावरचें पाणी करण्यासच ८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. तेंच पाणी पुढें ५५ अंशांपर्यंत तापविण्यास लागते ती केवळ ५५. म्हणजे माथ्यावर पांघरूण झालेलें बर्फ पोटांत शिरलें कीं चोर होतें. फावडें घालण्यापूर्वीं तें बाजूस सारावें. ढीग आंतून कोरडा पडलाच तर कोमट पाणी थोडें थोडें द्यावें.

चौथी गोष्ट हवा. प्राणवायु संपला कीं उष्णता मंदावते आणि घाण सुटते. यावर उन्हाळ्यांतला उपाय म्हणजे वारंवार उलथणें. पण हिवाळ्यांत प्रत्येक उलथणीबरोबर वाफेच्या रूपानें कित्येक दिवसांची कमाई उडून जाते. म्हणून रचतांनाच जाड काटक्या, लाकडाच्या ढलप्या मिसळून हवेला वाटा ठेवाव्या, आणि आंतील पारा उतरूं लागेल तेव्हांच, एखादा उबदार दिवस पाहून, ढीग उलथावा. तसेंच रोज मूठभर खरकटें टाकण्यासाठीं तो उघडूं नये. तें झांकणाच्या बादलींत सांठवावें, गोठलें असेल तर घरांत वितळूं द्यावें, आणि आठवड्यांतून एकदां ढिगाच्या गाभ्यांत खोल पुरून वर कोरड्या पानांचा जाड थर द्यावा.

ढिगाची प्रकृति ओळखण्यास लांब दांडीचा उष्णतामापक उत्तम. तो नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून थोड्या वेळानें काढून चांचपावी. ती हातांत धरवत नसेल तर सर्व ठीक. गार आणि कोरडी असेल तर पाणी कमी. गार, ओली आणि घाण वासाची असेल तर हवा कमी. गार आणि ओलसर, पण निर्गंध असेल तर बहुधा नत्र कमी, अगर ढीगच लहान. बाहेरचें वीतभर कवच गोठलें तरी भिण्याचें कारण नाहीं. सारा ढीग गोठला तरी जंतूंचें बीज नष्ट होत नाहीं. गोठण्यानें व वितळण्यानें पानांच्या पेशी फुटतात आणि वसंतांत कुजण्याचें काम जलद होतें. मात्र तणाचें बीं व रोगजंतु मारणारी उष्णता त्याला नंतर मिळवून द्यावी लागते.

हीच ऊब कामाला जुंपण्याचे प्रयोगहि झाले आहेत. मॅसॅच्युसेट्समधील न्यू अल्केमी संस्थेनें १९८३ सालीं खताच्या ढिगाची उष्णता देऊन कांचेच्या घरांत भाजीपाला वाढविण्याचा प्रयोग उभारला.

बाहेरच्या थंडीचा दोष फार वेळां फुकट सांगितला जातो. ढीग निवतो तो उपाशी राहिल्यानें, गुदमरल्यानें, चिंब भिजल्यानें, अगर आपल्या उबेचें रक्षण करण्याइतका मोठा नसल्यानें. या चार गोष्टी सांभाळणाऱ्याच्या परसांतून, भोंवतालीं सारें गोठलें असतांनाहि, वाफ निघत राहते. आणि बर्फ वितळेल त्या दिवशीं बागेसाठीं खत तयार असतें.